पाण्यात डांबर टाकून खड्डा बुजत नाही

आज सकाळी लेकीला शाळेत सोडून येताना वळणावरच्या खड्ड्यापाशी ट्रक उभा दिसला. मनातून इतकं बरं वाटलं! दोन महिने वाट बघतेय त्या खड्ड्याच्या दुरुस्तीची. मुद्दाम थांबले. खड्ड्यात पाणी साठलेलं, वर बर्फाचा पातळ पापुद्रा. एका माणसाने त्या पाण्यातच तीन फावडी थंड डांबर टाकलं, फावड्याच्या पाठीने दोन थापट्या मारल्या आणि ट्रक पुढे निघाला. कडेने काळपट पाणी वर येत होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुपारी लेकीला आणायला गेले तेव्हा खडी रस्ताभर पसरली होती आणि खड्डा होता तसाच.

याला दुरुस्ती म्हणायचं?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, गेल्या वर्षी बर्फ वितळायला लागल्यावर माझी लेक याच खड्ड्यात सायकलवरून पडली होती. वरून नुसतं डबकं दिसत होतं. पुढचं चाक आत गेलं आणि ती हँडलवरून पुढे. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. दुसऱ्या दिवशी मी तिच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन गेले आणि खोली मोजली. अकरा सेंटिमीटर. आतल्या कडेला डांबराचे थर एकावर एक दिसत होते. प्रत्येक हिवाळ्याचं एकेक ठिगळ.

आणि वर ऐकवायचं काय, तर ‘थंडीच एवढी पडली, रस्ते फुटणारच.’ मला या वाक्याची चीड येते. थंडी दरवर्षी येते, तिची तारीखही साधारण ठाऊक असते. खड्डा एका रात्रीत पडत नाही. आधी केसाएवढी भेग पडते. तिच्यात पाणी मुरतं, गोठतं आणि गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. भेग रुंदावते, रस्ता आतून उचलला जातो. वितळलं की खाली पोकळी राहते आणि वरून गाडी गेली की डांबर आत बसतं. म्हणून सलग कडाक्याच्या थंडीपेक्षा दिवसा वितळून रात्री गोठायचे दिवस जास्त वाईट. हे सगळं थांबतं कुठे? त्या पहिल्या भेगेपाशी. हिवाळ्याआधी, रस्ता कोरडा असताना, ती गरम डांबराने भरून घेतली की पाणी आत जातच नाही. आमच्या वळणावर ती भेग दिवाळीच्या आधीपासून होती. मी रोज तिच्यावरून चालत होते.

ठीक आहे, कडक थंडीत गरम डांबर मिळत नाही हे मला कळतं. प्लांट बंद असतात, आणि दीडशे अंशांचा माल गारठलेल्या रस्त्यावर पडला की दाबून होईपर्यंत थंडगार. तेव्हा थंड डांबरच वापरायचं, तात्पुरतं का होईना. पण निदान आधी पाणी तरी उपसा! सुटी खडी काढा, माल थोडा उंच भरा आणि स्वतःच्या ट्रकचं चाक त्यावरून पाच-सहा वेळा फिरवा. एवढ्यानेही ठिगळ बरंच टिकतं. किती वेळ लागतो त्याला? आणि ऊन पडायला लागलं की परत येऊन कडा चौकोनी कापून पक्कं काम करा. ते परत येणं कधी होतच नाही, खरं दुखणं तिथे आहे.

वितळायच्या दिवसांत तर जड ट्रकसुद्धा आमच्याच रस्त्यावरून. रस्त्याखालच्या मातीचा वरचा थर वितळलेला, खालचा अजून गोठलेला, मधलं पाणी जाणार कुठे? रस्त्याखाली नुसता चिखल. अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या थंड राज्यात वसंतात ठरावीक रस्त्यांवर वजनाची मर्यादा लावतात ती यासाठीच. एका आसावरचं (दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं) वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, हे १९५८ ते १९६० च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीपासून माहीत आहे. माझ्या लेकीच्या सायकलने तो रस्ता फोडलेला नाही.

सकाळी मी त्या माणसावर आवाज चढवला. ‘अहो, पाण्यात कसलं डांबर टाकताय?’ तो काही बोलला नाही, हातमोजे काढून बोटांवर फुंकर घालत राहिला. मोजे ओले झालेले, बोटं लालबुंद. मग म्हणाला, ‘आज चाळीस खड्डे दिलेत बाई, अंधार पडायच्या आत.’ चाळीस! मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतंय. त्याला पंधरा खड्डे आणि पाणी उपसायला एक पंप दिला असता तर ते पंधरा तरी टिकले असते. पण कागदावर चाळीस लागतात. तो कागद भरणारा माणूस कधी त्या वळणावर उभा राहिला असेल, असं मला वाटत नाही. त्याच्याशीच बोलायचंय मला. अर्ज लिहून झालाय, अकरा सेंटिमीटरच्या पट्टीचा फोटो जोडलाय. आपल्या रस्त्यावरच्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी आज रात्रीच मेसेज करा.

दुपारी परत येताना लेकीने त्या डबक्याच्या बऱ्याच अलीकडे माझा हात घट्ट धरला आणि मला रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेला घेऊन गेली. बरं झालेलं मनगट अजूनही छातीशी धरून चालते ती तिथून.