शटरवरच्या पट्ट्या आणि "खरा सुतार": एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नाव दिलेलं नाही तुम्ही म्हणून दादाच म्हणते. किचनच्या ओट्याखालच्या कपाटांच्या सपाट शटरना (दारांना) पट्ट्या लावून शेकरसारखी चौकट, म्हणजे सपाट दाराच्या चारी कडांना उठून दिसणारी पट्टी, कशी केली ते मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं की पट्टीच्या कडेला फोडणीचा चिकटा बसणार, पावसाळ्यात पट्टी फुगणार, शटर एकमेकांना घासणार, हँडलचे जुने स्क्रू पुरणार नाहीत, आणि तुमच्या साडूंकडे तर वर्षाच्या आत पट्ट्या लोंबायला लागल्या. इथवर ठीक होतं. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, "सनमायकावर पट्ट्या चिकटवणं हा रिकामटेकड्या बायकांचा उद्योग आहे, खरा सुतार असलं काम हातात घेणार नाही."

या वाक्याची काय गरज होती? शंका विचारा, हजार विचारा, मी आजवर कोणाला टाळलेलं नाही. पण साडूंचा दाखला द्यायचा आणि वर समोरच्या बाईला रिकामटेकडी म्हणायचं, ही बोलायची पद्धत झाली का? हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर तुम्ही "छान माहिती" लिहून पुढे गेला असता, मला खात्री आहे.

माझ्या बाबांचं बडोद्याला रावपुऱ्यात फ्रेमचं दुकान होतं. फाईन आर्ट्सची पोरं कॅनव्हास घेऊन यायची, लग्नाचे फोटो यायचे, देवांच्या तसबिरी यायच्या, आणि शाळा सुटली की मी घरी न जाता दुकानातच असायचे. पट्टीला पंचेचाळीस अंशांचा कट घेतला की बाबा दोन्ही तुकडे गुण्यात (काटकोनात) जुळवून ट्यूबलाइटसमोर धरायचे. फटीतून केसाएवढा जरी उजेड दिसला तरी परत एक हात रंधा, परत उजेडासमोर. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी उजेड दिसणारी फ्रेम दुकानाबाहेर गेली नाही. पट्ट्या कापणं आणि चिकटवणं यावर आमचं घर चाललं, माझी फी भरली गेली, आणि तुम्ही त्याला उद्योग म्हणता.

सागवान रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून फ्रेमचा कोपरा उन्हाळ्यात आतल्या बाजूने उघडतो आणि श्रावणात बाहेरच्या बाजूने, हे मला दुकानातच कळलं होतं. म्हणून तर किचनमध्ये मी तिरका जोड घेतलाच नाही, उभ्या पट्ट्या पूर्ण उंचीच्या आणि आडव्या त्यांच्या मध्ये बसवल्या, आणि सागवानाऐवजी ६ मिलिमीटरचं एचडीएचएमआर (ओल सोसणारा, दाबून केलेला घट्ट बोर्ड) घेतलं कारण त्याला लाकडासारख्या रेषाच नाहीत, ते एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी असं हलत नाही. हे रिकामपणात सुचत नाही हो.

आणि खरा सुतार म्हणजे कोण, तेही बोलूया. जुन्या वाड्यांची दारं बघा, चौकट आणि मधे खाचेत बसवलेली फळी. ती फळी मुद्दाम मोकळी सोडलेली असते, पावसाळ्यात फुगली, उन्हाळ्यात आकसली तरी चिरू नये म्हणून. आज प्लायच्या शटरला त्या खाचेची गरज नाही, उरलं ते चौकटीचं रूप, आणि ते रूप कोणाला हवंसं वाटलं तर त्यात कमीपणा कसला? सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हातातलं काम शिकवायलाच. त्या बडोद्यात बसून हाताच्या कामाला नावं ठेवायची, हे मला तरी झेपत नाही.

स्क्रूचं तुम्ही बरोबर धरलंत, ते मान्य. १८ मिलिमीटरची प्लाय, दोन्ही बाजूंचा सनमायका, वर ६ ची पट्टी, यात जुना २५ चा स्क्रू हँडलपर्यंत पोचतच नाही, ३० किंवा ३५ चा घ्यावा लागतो. लेखात ती ओळ टाकते.

बाकीचं काय, चिकटा साध्या सनमायकावरही बसतोच की, आतल्या कडेला लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की फडकं फिरतं. घासण्याचं म्हणाल तर बिजागरीला स्क्रू असतात, फिरवा. आणि पावसाळ्याचं मला सांगू नका, २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा पार्टिकल बोर्डाची आख्खी कपाटं फुगून फेकावी लागली लोकांना, तिथे पट्टीला कशाला दोष देता.

साडूंकडच्या पट्ट्या का लोंबल्या ते मी न बघता सांगते. सनमायका घासलेला नसणार आणि पांढरा फेविकॉल लावला असणार. पांढरा फेविकॉल धरतो तो त्यातलं पाणी लाकडात जिरलं की, आणि सनमायकात पाणी जिरतच नाही, मग तो वर नुसता पापुद्र्यासारखा सुकतो. हे न विचारता तुम्ही पद्धतच वाईट ठरवून मोकळे झालात. पट्ट्या परत लावायच्या असतील तर त्यांना सांगा, जुना गोंद पटाशीने खरवडायचा, ८० च्या काचपेपरने सनमायकाची चमक पूर्ण मारायची, थिनरच्या फडक्याने पुसायचं, फेविकॉल एसआर (रबरी गोंद) सनमायका आणि पट्टी दोन्हींना लावायचा आणि बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचं. एकदा टेकली की पट्टी सरकवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलने खूण करून घ्या. कोपऱ्यांना बारीक चुका (खिळे) मारा. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा जरा नीट शब्दांत लिहा.