सदू शिंदे आणि ‘भाटगिरी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीकर साहेब,

जुने कसोटी लेगस्पिनर सदू शिंदे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “७ कसोट्यांत १२ विकेट, सरासरी ६०च्या घरात. असल्या बॉलरवर एवढं लिहायचं कारण काय, तर पवारांचे सासरे! निव्वळ भाटगिरी. गुप्ते, चंद्रशेखर सोडून हे कशाला?”

सरासरी, म्हणजे एका विकेटमागे दिलेल्या धावा, ५९.७५ आहे आणि ती चांगली नाही, हे मान्य. त्यावर वाद नाही.

‘भाटगिरी’ मात्र मी ऐकून घेणार नाही. शिंदे गेले २२ जून १९५५ला, विषमज्वराने, अवघ्या ३१व्या वर्षी. शरद पवार तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांचं लग्न झालं १९६७ साली. जावयाचं तोंडही न पाहता गेलेल्या माणसाला १९४६ साली लॉर्ड्सवर कुणाच्या वशिल्याने खेळवलं ओ? त्याच सामन्यात अकराव्या नंबरवर येऊन त्यांनी रुसी मोदींबरोबर शेवटच्या विकेटसाठी ४३ धावा जोडल्या, तेही वशिल्यानेच का? माझ्या लेखात पवारांचं नाव एकदाच आलंय, तेही मुलीचा उल्लेख करताना. तुम्हाला तेवढंच दिसलं. माझे वडील सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. पण तिकडच्या काय नि इकडच्या काय, एकाही पुढाऱ्याच्या दारात ते कधी उभे राहिले नाहीत, मीही नाही. इथे बेळगावच्या अनगोळात कुणालाही विचारा. खरं नाव न लावता दुसऱ्याला भाट म्हणणं फार सोपं असतं.

आता क्रिकेटचं. कॉलेजात असताना मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर मॅटिंगवर, म्हणजे चटईच्या खेळपट्टीवर, लेगस्पिन टाकायचो. नव्या चेंडूची शिवण अनामिकेच्या पेराला घासून सालटं निघायचं, त्यावर चिकटपट्टी लावली की चेंडू सुटायचा नाही, म्हणून तसंच टाकायचं. दोन चौकार बसले की कप्तान टाळी वाजवून चेंडू मागून घ्यायचा. पुढची ओव्हर दुसऱ्याला. लेगस्पिनरचं काय होतं ते मला आकड्यांच्या पुस्तकातून शिकायची गरज नाही.

शिंद्यांना १९४६ ते १९५२ या काळात ७ कसोट्या मिळाल्या. मध्ये बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. नोव्हेंबर १९५१, दिल्ली : इंग्लंड पहिल्या डावात २०३ सर्वबाद, शिंदे ९१ धावांत ६. भारताने तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती, हे ध्यानात घ्या. मग आपल्याकडून मर्चंट १५४, हजारे नाबाद १६४. सामना हातात आलेला, पण इंग्लंडचा वॉटकिन्स तब्बल नऊ तास खेळला, नाबाद १३७, आणि कसोटी अनिर्णित राहिली. पहिला विजय मद्रासला तीनच महिन्यांनी आला आणि गोलंदाज म्हणून विनू मंकडांचं नाव झालं, ते योग्यच. पण दिल्लीत इंग्लंडला २०३ वर गुंडाळलं कुणी, हे सांगायला भाट कशाला लागतो?

रणजीतलं तर तुम्ही वाचलेलंच दिसत नाही. १९४३-४४ला मुंबईकडून मर्चंट नाबाद ३५९ करत होते, तेव्हा महाराष्ट्राकडून ७५ षटकांच्या वर टाकून ५ गडी घेणारे हेच शिंदे.

सुभाष गुप्ते, चंद्रशेखर हे लेगस्पिनर थोरच. त्यांच्यावर लिहिणारे खंडीभर आहेत, हवं तर तुम्हीही लिहा.

यापुढे खेळावर काय ते बोला, उत्तर देईन. ‘भाट’ हा शब्द पुन्हा दिसला तर प्रतिक्रिया काढून टाकीन.