पुढचं शून्य फुकटचं नाही

पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय आणि प्लेसमेंटच्या मुलाखतींत तो जसाच्या तसा ऐकू येतो: ‘आकड्यापुढच्या, म्हणजे सुरुवातीच्या, शून्याला किंमत नसते. डेटाबेसमध्ये इंटच (पूर्ण संख्याच) ठेवा, छापताना शून्यं लावा. कुठल्याही भाषेत एका ओळीचं काम आहे.’ यातलं पहिलं विधान अर्धंच खरं आहे, दुसऱ्याने डेटा बिघडतो आणि तिसरं चूक आहे. उद्या हीच मुलं बँकांच्या सिस्टिमवर काम करणार आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘शून्याला किंमत नसते.’ गुण, वजन, रक्कम यांच्या बाबतीत कबूल. पण चेक नंबरांची बेरीज कोणी करत नाही. चेकवर ०००४१७ असा सहा अंकी क्रमांक छापलेला असतो, ती त्या चेकची ओळख आहे. आपला एसटीडी कोड ०२०. मुंबईच्या लँडलाइनवरून हे शून्य न लावता पुण्याला फोन लागत नाही. परदेशातून +९१ लावलं की तेच शून्य गाळावं लागतं. म्हणजे ते शून्य काहीतरी सांगतंय. बेरीज-वजाबाकीला अर्थ असेल तर इंट, नसेल तर स्ट्रिंग (अक्षरं म्हणून साठवलेला मजकूर), एवढी कसोटी पुरते.

‘छापताना लावा.’ किती लावायची? काही बँकांचे खातेक्रमांक शून्याने सुरू होतात आणि त्यांची लांबी बँकेगणिक वेगळी. इंटमध्ये ढकलल्यावर पुढे किती शून्यं होती हे सांगायला काहीच उरत नाही.

लांबी ठाऊक असली तरी सुटका नाही. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीची मेंटेनन्सची यादी घ्या: फ्लॅट, रक्कम, चेक नंबर. ज्यांनी यूपीआयने पैसे भरले त्यांचा चेक नंबरचा रकाना रिकामा. ही सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) कॉलमच्या प्रकाराबद्दल काहीही न सांगता पायथन भाषेच्या पांडाजमध्ये (तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत) वाचली की ०००४१७ चा ४१७ होतो. पण रिकाम्या रकान्यांमुळे अख्खा कॉलम फ्लोट (दशांश संख्या) होतो, म्हणून ४१७.०. आता ‘छापताना शून्यं लावा’ म्हणून त्याची स्ट्रिंग करून झेडफिलला (दिलेल्या लांबीपर्यंत पुढे शून्यं भरणाऱ्या पायथनच्या फंक्शनला) सहा लांबी द्या. हाती येतं ०४१७.० आणि हेही मोजून सहा अक्षरं! लांबी तपासणारी टेस्ट पास होते आणि चुकीचा चेक नंबर पुढे जातो. वाचतानाच त्या कॉलमचा प्रकार स्ट्रिंग आहे असं सांगितलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. एक्सेलचंही तेच: सीएसव्ही डबल-क्लिक करून उघडली आणि सेव्ह केली, की शून्यं मूळ फाइलमधूनच गेली.

‘कुठल्याही भाषेत एक ओळ.’ ओळ एकच, वागणूक मात्र भाषेगणिक वेगळी. उणे सातला तीन लांबीत बसवा. पायथनचं झेडफिल चिन्ह ओळखतं आणि -०७ देतं. जावास्क्रिप्टमध्ये याच कामाचं पॅडस्टार्ट २०१७ साली भाषेत आलं. त्याला चिन्हाशी देणंघेणं नाही, ते ०-७ देतं. मायएसक्यूएल या डेटाबेसचं एलपॅड तर सगळ्यात धोक्याचं: १२३४५ ला तीन लांबी दिली की ते निमूटपणे १२३ करतं. पायथन असं कधीच कापत नाही. शिवाय कोडमध्ये थेट ०१० लिहिलंत तर सी आणि जावामध्ये त्याची किंमत आठ, कारण पुढचं शून्य तिथे अष्टमान पद्धतीची (दहाऐवजी आठवर आधारलेल्या मोजणीची) खूण आहे. पायथन ३ मध्ये तो प्रोग्राम चालतच नाही. पहिल्या विधानातलं ‘किंमत नसते’ इथेही टिकत नाही.

मराठीत डेटा भरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. पायथनचं इंट देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतं, ‘०२०’ दिलं की वीस. पण देवनागरी ५ ला झेडफिलने तीन लांबी दिली तर पुढे लागणारी दोन्ही शून्यं इंग्रजी असतात. पडद्यावर पटकन लक्षात येत नाही, पण शोधताना देवनागरीत ००५ टाइप केलं की ती नोंद सापडत नाही. तिथे झेडफिल सोडून पायथनचंच आरजस्ट वापरा आणि भरायचं अक्षर म्हणून देवनागरी शून्य स्वतः द्या.