हळदीच्या कॅप्सूलबद्दल काकांना उत्तर

काका, नमस्कार.

‘हळदीतलं कर्क्युमिन मेंदूतल्या प्रथिनांच्या गाठी विरघळवतं हे अमेरिकेत सिद्ध झालंय, आणि तुम्ही लोकांना घाबरवून कॅप्सूल बंद करायला लावता,’ असं तुम्ही लिहिलंत. काकूंच्या विसरभोळेपणावर तुम्ही वर्षभर स्वतःच्या हाताने त्या देताय. तुमचा राग मला समजतो.

आधी माझी चूक कबूल करते. ‘हळदीचा अल्झायमरशी काडीचा संबंध नाही’ हे मी लिहायला नको होतं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने २००५ मध्ये दाखवलं, की कर्क्युमिन बीटा-अमायलॉइडला, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचून गाठी करणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि त्याचे तंतू जुळू देत नाही. उंदरांच्या मेंदूतल्या गाठीही त्याने कमी झाल्या. तुम्ही वाचलंत ते खरं आहे.

पण ते परीक्षानळीतलं आणि उंदरांमधलं. त्याच विद्यापीठात पुढे अल्झायमरच्या ३६ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना रोज २ ग्रॅम कर्क्युमिन, काहींना ४ ग्रॅम, काहींना औषध नसलेली कॅप्सूल, असं २४ आठवडे. २०१२ साली निकाल आला तेव्हा स्मरणशक्तीत काहीच फरक नव्हता, आणि रक्तात कर्क्युमिन जेमतेम सापडलं. आतडं आणि यकृत ते मेंदूपर्यंत पोचण्याआधीच निकालात काढतात. हळदीत कर्क्युमिन शंभरात तीनच्या आसपास. ४ ग्रॅमसाठी रोज शंभर ग्रॅमहून जास्त हळद खावी लागेल. २०१८ मध्ये ४० जणांच्या चाचणीत सहज शोषलं जाणारं कर्क्युमिन घेणाऱ्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली हेही सांगायला हवं, पण त्यांतल्या कुणालाच स्मृतिभ्रंश नव्हता.

कर्क्युमिन रक्तात टिकावं म्हणून हल्ली कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालतात. तो यकृताचं काम मंदावतो. माझी काळजी नेमकी इथे आहे, कारण तेच यकृत बाकीच्या गोळ्याही हाताळत असतं. माझ्या आईला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. कॅप्सूल सुरू करून महिना झाला असेल, एका सकाळी तिच्या बांगड्या काढताना मनगटावर रुपयाएवढे काळेनिळे डाग दिसले. कॅप्सूलमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी त्या बंद केल्या आणि नवे डाग आले नाहीत. हळदीच्या कॅप्सूलने यकृताला सूज आल्याचीही उदाहरणं नोंदलेली आहेत.

ई जीवनसत्त्व द्यावं का, असंही तुम्ही विचारलंत. २०१४ च्या अमेरिकी चाचणीत रोज २००० युनिट घेणाऱ्या रुग्णांची आंघोळ, कपडे, जेवण ही रोजची कामं थोडी उशिरा सुटली. स्मरणशक्ती सुधारली नाही. एवढा डोस रक्तस्रावाचा धोका वाढवतो, तेव्हा तोही मनाने सुरू करू नका.

काकूंचं बी-१२ तपासलंय का? आपण पूर्ण शाकाहारी, असं तुम्हीच लिहिलंय. त्याच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो, आणि तो वेळेत सापडला तर बरा होऊ शकतो. या आठवड्यात रक्त तपासून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना कॅप्सूलची डबी काकूंच्या बाकी गोळ्यांसोबत न्या. रात्रीचं हळदीचं दूध खुशाल चालू ठेवा.

रिपोर्ट आला की मला कळवा.