उलटं शेत पडीक पाडायचंय? मग हा हंगामी सल्ला

नवतपा लागलाय, कूलरची टाकी भरून झालीय, पराटीही वेचून झाली. हाती वेळ आहे, तर उत्तर ध्रुवावरचं शेत पडीक कसं पाडायचं तेवढं शिकून घ्या. शेतच ते, फक्त उलटं. पीक समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या खालच्या अंगाला धरतं.

आधी चुना खरवडा. स्लॅबला चुना मारला की खोली गार राहते, हे तुम्हाला सांगायला नको. ताज्या हिमाखालचा बर्फ ८० टक्क्यांवर ऊन परत धाडतो. उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के. म्हणजे बर्फ हटला की खाली काळी कसदार रेगूर, उन्हाला चटावलेली. ती तापते, शेजारचा बर्फ खाते, मग आणखी तापते. मजूर लावावा लागत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये, पोळा आटोपल्यावर, तिथे ३४ लाख चौरस किलोमीटरच बर्फ उरला होता. अकरा महाराष्ट्र मावतील एवढा आहे म्हणून हळहळू नका. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींत इतका कमी कधीच नव्हता.

आता तारीख चुकवा. खरी मेख इथेच आहे. वसंतात ऊन परतलं की बर्फातून उजेड झिरपतो आणि खालच्या अंगाला शेवाळ धरतं. कोपेपॉड नावाचे तिळाएवढे समुद्री जीव ते खाऊन अंडी घालतात. पिल्लं मोठी होईतो पाण्यातलं दुसरं शेवाळ तयार असतं. बर्फ लवकर फोडा, म्हणजे दोन्ही पिकांमधलं अंतर बिघडेल आणि पिल्लं नेमकी रिकाम्या वावरात उतरतील. त्यांच्यात दुबार पेरणी नसते. शिवाय पाणी तापलं की दक्षिणेकडून अटलांटिकचा बारका कोपेपॉड शिरतो. त्याच्यात चरबी कमी. सरकीची ढेप काढून गव्हाणीत नुसतं कुटार टाकल्यासारखं; ध्रुवीय कॉड मासा आणि लिटल ऑक पक्षी किती दूध देतील ते तुम्हीच सांगा.

सीलसाठी वेगळा खर्च नको. रिंग्ड सीलची मादी श्वासाच्या भोकावर साचलेल्या हिमात खोपा कोरून वितते. वसंतात अवकाळी पाऊस पाडा, छत बसेल, पिल्लू उघड्यावर येईल. अवकाळीचा अनुभव आपल्याला आहेच. हीच युक्ती रेनडिअरवर चालते: हिमावर पाऊस पडून गोठला की खालचा चारा काचेखाली जातो. नोव्हेंबर २०१३ मध्ये सायबेरियाच्या यामाल भागात असा पाऊस पडला आणि ६१,००० रेनडिअर मेले. चारा होता, तोंड पोचत नव्हतं.

अस्वलाचं काही करू नका, ते आपसूक होतं. कॅनडातल्या पश्चिम हडसन उपसागराकाठी २०१६ मध्ये अंदाजे ८४२ होती, २०२१ मध्ये ६१८. सील धरायला बर्फ नाही म्हणून ती किनाऱ्यावर बेरी नि अंडी खाऊन उपास काढतात, तरी बहुतेकांचं वजन घटतंच. साबुदाणा सुचवून पाहा.

एवढं सगळं करून पंचनाम्याची भीती बाळगू नका. पीक खालच्या अंगाला असल्यानं ते सातबाऱ्यावर चढलेलंच नाही.