औषधाबद्दल प्रश्न विचारणाऱ्यांसाठी तीन पथ्यं

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात फार्मसीत जाऊन औषधाबद्दल काही विचारायची हौस आली, तर आधी हे वाचा.

दुपारी एक ते साडेतीन आजारी पडू नका.

भिंतीवरच्या फ्रेममधल्या फार्मासिस्टना भेटायचा हट्ट धरू नका. फोटोला हार घातलेला असतो, त्यावरून काय ते समजून घ्यावं.

‘दुसरी कुठली औषधं चालू आहेत?’ असं तिथे कुणी विचारेल, ही आशा तर सोडाच. आई हृदयाची झडप बदलल्यापासून वॉर्फरिन घेते, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. गेल्या आठवड्यात तिचे गुडघे सुजले. मी जुनी चिठ्ठी काउंटरवर ठेवून विचारलं, ‘हिच्याबरोबर दुखण्याची कुठली गोळी चालेल?’ काउंटरवरच्या मुलाने मोबाइलमध्ये डोकं घातलं. मला बरं वाटलं, म्हटलं शोधतोय बिचारा. तो फुटबॉलचा स्कोअर बघत होता. मग ड्रॉवर ओढला, डायक्लोफिनॅकच्या पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापल्या, एक्सपायरीचा तुकडा नेमका स्वतःकडे ठेवला आणि म्हणाला, ‘कांयच जावचें ना.’

कांयच जावचें ना, म्हणजे काहीच होणार नाही! वॉर्फरिनवर डायक्लोफिनॅक म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायचा धोका. हे काही गुपित नाही, औषधांच्या कुठल्याही संदर्भ पुस्तकात छापलेलं असतं. पुस्तक उघडायला दोन मिनिटं लागली असती. ‘शेवटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) किती होता?’ एवढं विचारलं असतं, डॉक्टरांना एक फोन लावला असता. अहो, ‘माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणाला असता तरी मी त्याच्या पाया पडलो असतो.

पण त्या पोराला तरी काय बोलायचं? त्याला कुणी शिकवलंय? १९४८चा फार्मसी कायदा सांगतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. २०१५च्या नियमांत रुग्णाला समजावून सांगणंही त्याच्याच कामात धरलंय. सर्टिफिकेट भाड्याने देऊन घरी बसलेले साहेब, हे तुम्हाला सांगतोय. लाज वाटू द्या थोडी. शिकलात तुम्ही, विचारायचं तुम्हाला, आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांचा जीव टांगलात बारावी झालेल्या पोराच्या गळ्यात! काउंटरवर येऊन उभे राहा.

गोळ्या मी संध्याकाळी परत न्यायला गेलो. कापलेली पट्टी परत घेत नाहीत म्हणे.