'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार 'स्पष्टवक्ता',

लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ. होडिनोशोनी हा उत्तर अमेरिकेतल्या सहा मूळनिवासी राष्ट्रांचा संघ, आणि ऑनंडागा हे त्यांतलं एक राष्ट्र. होडिनोशोनी मुलींना लॅक्रॉस शिकवणाऱ्या ऑनंडागा खेळाडूवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "जिथे बाईला काठीला हात लावू देत नाहीत, तिथल्या परंपरेच्या आरत्या अमेरिकेत बसून ओवाळणं सोपं आहे. बाई, जरा जमिनीवर या." मतभेद मला नवे नाहीत, पण ही कुठली पद्धत? एवढा खवचटपणा न करताही हाच प्रश्न विचारता आला असता.

बरं, काठी. मनाई आहे, आणि ती मी लपवलेली नाही. हिकरीच्या लाकडाची, हाताने वाकवलेली काठी घेऊन जो खेळ होतो, तो सृष्टीच्या निर्मात्यासाठी, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून खेळतात. तो पुरुषांचा. तुम्हाला त्यात फक्त चूल-मूल दिसलं. पण त्याच समाजात कूळ आईकडून येतं, प्रमुख कोण ते कुळमाता (कुळातल्या मुख्य बायका) ठरवतात आणि बिघडला तर पदावरून काढतातही. 1980च्या दशकात बायकांचा संघ उभा राहू लागला तेव्हा विरोधाला कुळमाताच पुढे आल्या होत्या. 'पुरुषांनी कोंडलं' या तुमच्या हिशेबात हे कुठे मांडणार? मलाही ते सगळं पटतं असं नाही. पण एका ओळीत निकाल देऊन मी मोकळी होत नाही.

शिवाय या मुली जो खेळ खेळतात त्याची वाट निराळी आहे. लुईसा लम्सडेन या माजी मुख्याध्यापिकेने 1884मध्ये माँट्रियलला लॅक्रॉस पाहिला आणि 1890 साली स्कॉटलंडमधल्या सेंट लेनर्ड्स शाळेत मुलींचे सामने सुरू झाले. बायकांचे नियम तिथून घडत गेले. काठ्याही आता प्लॅस्टिक-धातूच्या. 2009च्या प्राग विश्वचषकात होडिनोशोनी बायका उतरल्या त्या याच खेळात. म्हणजे मूळ त्यांचंच, फिरून स्कॉटलंडमार्गे त्यांच्या हातात आलं. आता ती खेळाडू आपल्या पोरींना तेच शिकवते, आणि लाकडी काठीचा मानही शिकवते. यात तुम्हाला विसंगती दिसते. तिला दिसत नाही.

आणि जमिनीवर येण्याबद्दल. मी शाळेत खो-खो खेळले आहे. पाटीवरून उठून खुंटाकडे झेपावताना सोललेल्या गुडघ्यांचे व्रण अजून आहेत. "मोठी झालीस, आता पुरे" हे घरच्याच माणसांकडून ऐकून मैदान सोडलं आहे. मुलींना खेळ नाकारणं म्हणजे काय, हे मला तरी समजावू नका. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला राहते, ऑनंडागांची वस्ती शहराला लागून आहे, सामने कडेला उभं राहून पाहते. तुम्ही कुठे बसून लिहिता ते विचारत नाही, उगाच उद्धटपणा नको.

लेख लांबलाय आणि फोटो पुसट आहेत, हे मान्य. फोटो बदलते.

बाकीचं थोडक्यात. 2015 साली ब्रिटनने होडिनोशोनी पासपोर्ट मानले नाहीत, म्हणून 19 वर्षांखालच्या मुलींच्या संघाला एडिनबर्गच्या स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. त्यावर तुमचं म्हणणं, "अमेरिकेचा घ्यायचा की." यावर काय बोलणार! 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये होडिनोशोनींना स्वतःचा संघ उतरवायचा आहे, त्याबद्दल "उद्या प्रत्येक गाव संघ मागेल" म्हणता. मागू दे की. त्या गावानेही आधी जगाला एखादा खेळ दिलेला असला, तर मी त्याच्याही बाजूने लिहीन.